स्विचचं फर्मवेअर अपग्रेड : बेळगाव भागात नव्याने नेटवर्कच्या कामाला लागलेल्यांसाठी

उद्यमबागेतली फाउंड्री असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो, नाहीतर चिकोडीकडचा साखर कारखाना; रॅकमध्ये एकदा बसवलेल्या स्विचकडे, म्हणजे संगणक, फोन, कॅमेरे केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याकडे, पुन्हा कुणी वळून पाहत नाही. हिरवे दिवे लुकलुकताहेत, नेट चालतंय, मग हात कशाला लावायचा? मग एक दिवस ऑडिटवाले येतात किंवा हेड ऑफिसचा मेल येतो, आणि स्विचचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं काम नुकत्याच लागलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या गळ्यात पडतं. हे लेखन त्यांच्यासाठी आहे.

अपग्रेडची कमांड एक-दोन ओळींची असते. ती कुणीही टाइप करेल. ती टाइप करण्याआधी मागे फिरायची वाट तयार आहे की नाही, यावर तुमची रात्र कशी जाणार ते ठरतं. आपल्या भागात तर हे जास्तच खरं आहे, कारण स्विच मेला तर नवा पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहून यायचा असतो, आणि तोवर ऑफिस बसून राहतं.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. उदाहरणं मुख्यतः सिस्को कंपनीच्या स्विचची आहेत, कारण आपल्याकडे मोठ्या ठिकाणी तेच जास्त भेटतात. अरुबा आणि ज्युनिपर या कंपन्यांच्या स्विचचा वेगळेपणा जिथे कामाचा आहे तिथे सांगितला आहे.

आधी ठरवा : गरज आहे का?

नवीन व्हर्जन आलं म्हणून लगेच चढवायचं, असं करू नका. अपग्रेडला कारण हवं, आणि ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. सगळ्यात मोठं कारण सुरक्षेचं. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीचा गैरफायदा घेऊन कितीतरी देशांतल्या स्विचची कॉन्फिगरेशन पुसली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सई या सिस्कोच्या फर्मवेअरच्या वेब पानात सापडलेल्या त्रुटीला (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-२०१९८) धोक्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. ते पान इंटरनेटवर उघडं असेल तर बाहेरचा माणूस पासवर्डशिवाय स्वतःचं सर्वोच्च अधिकाराचं खातं काढू शकत होता. अशी त्रुटी तुमच्या व्हर्जनला लागू असेल तर चालढकल नको. अपग्रेडची तारीख मिळेपर्यंत निदान ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि ‘नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’ या दोन ओळी टाकून वेब पान बंद करा. स्मार्ट इन्स्टॉल वापरात नसेल तर ‘नो व्हीस्टॅक’ टाका, त्याचं ४७८६ पोर्ट बंद होतं. यासाठी स्विच रीबूट करावा लागत नाही, हे आजच्या आज होण्यासारखं काम आहे.

दुसरं कारण जुन्या फर्मवेअरमधल्या दोषांचं. सिस्कोच्या बऱ्याच जुन्या व्हर्जननी स्वतःच तयार केलेली सर्टिफिकेटं १ जानेवारी २०२० ला एकदम कालबाह्य झाली, आणि त्यानंतर नवीनही तयार होईनात. तुमच्या एखाद्या स्विचचं एचटीटीपीएसचं पान आता विनाकारण उघडत नसेल तर हे तपासून पाहा. तिसरं कारण म्हणजे एखादं नवं मॉड्यूल किंवा स्टॅकमध्ये (एकच म्हणून चालणाऱ्या, एकमेकांना जोडलेल्या स्विचांमध्ये) जोडायचा नवा स्विच, जो जुन्या व्हर्जनला ओळखतच नाही.

यातलं काहीच लागू नसेल, स्विच आतल्या आत चालत असेल आणि गाळप हंगाम भरात असेल, तर थांबलेलं बरं. हंगाम संपल्यावर करा.

स्विचची कुंडली काढा

कन्सोलला (स्विचला थेट केबल लावून) किंवा एसएसएचने (नेटवर्कवरून) लॉगिन करा आणि पुटी या प्रोग्राममध्ये सेशन लॉगिंग चालू करून ठेवा, म्हणजे स्क्रीनवर येणारं सगळं फाइलमध्ये साठत जातं. मग ‘शो व्हर्जन’ द्या. मॉडेल, सिरियल नंबर, चालू व्हर्जन, स्विच किती दिवस चालू आहे आणि कोणत्या फाइलवरून बूट झाला आहे, हे सगळं त्यात येतं. शेवटची गोष्ट नीट वाचा. सिस्कोच्या नव्या कॅटलिस्ट ९००० मालिकेत इथे ‘पॅकेजेस डॉट कॉन्फ’ असं नाव दिसलं तर तो इन्स्टॉल मोडमध्ये आहे; ‘डॉट बिन’ने संपणारी फाइल दिसली तर बंडल मोडमध्ये. दोन्हींची अपग्रेडची पद्धत वेगळी आहे. नवशिक्यांची गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच.

‘शो बूट’, ‘डिर फ्लॅश’ आणि ‘शो स्विच’ याही कमांड देऊन ठेवा. ‘शो स्विच’ने कळतं की हा एकटा आहे की स्टॅक. वरून एकच आयपी दिसतो, पण रॅकमध्ये तीन जण एकमेकांना मागून केबलने जोडलेले असतात. अशा वेळी फ्लॅशमधली (फाइली साठवायच्या मेमरीतली) जागा प्रत्येकाची वेगळी बघावी लागते.

अरुबाच्या जुन्या, प्रोकर्व्ह घराण्यातल्या स्विचवर ‘शो फ्लॅश’ द्या. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन जागा दिसतील आणि स्विच कुठल्या जागेवरून चालला आहे तेही कळेल. ही दोन खोल्यांची रचना फार सोयीची आहे. तिचा उपयोग पुढे येतो.

फाइल कुठून आणायची

कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच. हे मी तावातावाने सांगतो, कारण आपल्याकडे मित्राच्या पेनड्राइव्हवरून किंवा टेलिग्राम ग्रुपवरून इमेज (फर्मवेअरची फाइल) आणायची सवय आहे. ज्या फाइलच्या हातात साऱ्या ऑफिसचा डेटा जाणार, ती कुणी उघडली, बदलली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सिस्कोच्या बहुतेक फाइलींना सर्व्हिस काँट्रॅक्ट लागतो. तो नसेल तर मालकांना किंवा मॅनेजरना तसं स्पष्ट सांगा. मात्र गंभीर सुरक्षा त्रुटीसाठी कंपनीने सूचनापत्र काढलं असेल, तर काँट्रॅक्ट नसलेल्या ग्राहकालाही सिरियल नंबर आणि त्या सूचनापत्राचा दुवा देऊन टॅककडून (कंपनीच्या मदत केंद्राकडून) दुरुस्त व्हर्जन मागता येतं. ही वाट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. लहान संस्थांनी, शाळा-पतसंस्थांनी तिचा जरूर उपयोग करावा.

कुठलं व्हर्जन निवडायचं? सगळ्यात नवं घेऊ नका. सिस्कोच्या डाउनलोड पानावर सुचवलेल्या व्हर्जनपुढे तारा असतो. आयओएस एक्सईमध्ये १७.६, १७.९, १७.१२ अशी दर तिसरी व्हर्जनं दीर्घ मुदतीच्या आधाराची म्हणून काढली गेली; त्यातल्या जुन्यांची मुदत संपत जाते, तेव्हा ती आधी बघा. त्यांच्या मधली व्हर्जनं थोडा काळच सांभाळली जातात. कारखान्यात किंवा दवाखान्यात दीर्घ मुदतीचंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. निवडल्यावर त्याच्या रिलीज नोट्स उघडा आणि तीन गोष्टी शोधा : तुमचं मॉडेल यादीत आहे का, तुमच्या आजच्या व्हर्जनवरून थेट उडी मारता येते की मध्ये एका व्हर्जनवर थांबावं लागतं, आणि अजून न सुटलेल्या दोषांत तुम्ही वापरत असलेली एखादी गोष्ट आहे का. बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील.

फाइल उतरली की तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी ओळख, पडताळा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल हायफन हॅशफाइल’, मग फाइलचं नाव, मग ‘एसएचए५१२’. येणारी लांबलचक ओळ आणि कंपनीच्या पानावरची ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली पाहिजे. सुरुवातीची चार अक्षरं बघून पुढे जाऊ नका. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवा.

वेळ कशी ठरवायची

इथे पुस्तकातलं ज्ञान पुरत नाही, आपला मुलूख माहीत असावा लागतो.

पहिला प्रश्न विजेचा. अपग्रेड चालू असताना, विशेषतः बूटलोडर (स्विच सुरू करणारा छोटा प्रोग्राम) बदलत असताना लाईट गेली तर स्विच कायमचा निकामी होऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर बेळगाव-खानापूरकडे वळीव येतो, वारा सुटतो आणि फीडर ट्रिप होतो. त्या दिवसांत संध्याकाळची वेळ घेऊच नका. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात लाईटचा भरवसा आणखी कमी. वीज कंपनी हेस्कॉमच्या देखभालीसाठी वीज बंद राहण्याच्या सूचना पेपरात येतात, त्या आदल्या दिवशी बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅकचा यूपीएस. त्यावर ‘चालू’चा दिवा आहे म्हणून बॅटरी चांगली आहे असं नाही. कामाच्या आधी काही दिवस, सुट्टीच्या वेळी, कुणाचं काम अडणार नाही असं बघून मेन बंद करा आणि रॅक बॅटरीवर किती वेळ तग धरतो ते घड्याळ लावून पाहा. अर्ध्या तासाच्या आत मान टाकत असेल तर आधी बॅटरी बदलून घ्या, अपग्रेड नंतर. जनरेटर असेल तर लाईट गेल्यापासून तो भार घेईपर्यंतचे काही सेकंद यूपीएस नीट पार करतो का, हेही त्याच दिवशी कळतं.

दुसरा प्रश्न, त्या जागी कुणाचं काय अडतं? साखर कारखाना घ्या. ऊस गाळप सुरू असताना गेटवरच्या वजनकाट्याचा संगणक ज्या स्विचवर आहे, तो दहा मिनिटं बंद झाला तरी काट्यापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि ऊस घेऊन आलेला शेतकरी उन्हात ताटकळतो. हंगामात मशिनरी साफसफाईसाठी कारखाना थांबतो, ती वेळ चीफ इंजिनिअरना विचारून घ्या. नाहीतर सरळ हंगामानंतरची तारीख धरा. काट्यावरच्या क्लार्कला आधी सांगितलं तर तो तेवढ्यापुरत्या हाताने पावत्या करायची तयारी ठेवतो. न सांगता केलंत तर त्याचा दोष नाही.

दवाखान्यात रात्र मोकळी असते हा समज चुकीचा आहे. अतिदक्षता विभागाचे मॉनिटर, एक्स-रेच्या प्रतिमा, औषध दुकानाचं बिलिंग, सगळं नेटवर्कवरून चालतं. तिथे मजल्यावार करा आणि त्या मजल्याच्या इनचार्ज सिस्टरना स्वतः भेटून सांगा. कॉलेजमध्ये परीक्षांचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय तारीख देऊ नका.

तिसरा मुद्दा हमखास विसरला जातो. स्विच पीओई असेल तर त्यावरचे कॅमेरे, आयपी फोन, वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि काही ठिकाणी दाराचं कुलूपही त्याच केबलमधून वीज घेतात. स्विच रीबूट होताना हे सगळं अंधारात जातं. सिक्युरिटीला आधी कळवा. गेटवरच्या वॉचमनना रात्री दोन वाजता अचानक सगळे कॅमेरे काळे दिसले तर ते घाबरून कुणालाही फोन लावतील, आणि ते बरोबरच आहे.

वेळेचा हिशेब करताना, एका स्विचला रीबूटसाठी दहा ते पंधरा मिनिटं धरली तर मंजुरी त्याच्या तिप्पट वेळेची घ्या. उरलेला वेळ मागे फिरण्यासाठी आहे.

रॅकच्या दारावर आणि यूपीएसच्या बटणाजवळ मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा, दोन्ही भाषांत. मराठीत ‘काम चालू आहे, स्विच बंद करू नका’ आणि खाली कानडीत ‘स्विच ऑफ माडबेडी’. आपल्याकडे रात्रपाळीचा सफाईवाला किंवा इलेक्ट्रिशियन कुठलीही एकच भाषा वाचणारा असू शकतो.

बॅकअप

‘राइट मेमरी’ द्या, मग चालू कॉन्फिगरेशन टीएफटीपी किंवा एससीपी या फाइल पाठवायच्या पद्धतींनी आपल्या लॅपटॉपवर उतरवा. ती फाइल उघडून शेवटपर्यंत आहे ना ते बघा. व्हीलॅनची (एकाच स्विचवर केलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) माहिती सिस्कोवर बरेचदा फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते, तीही कॉपी करा. ती विसरली की कॉन्फिगरेशन परत आणूनही व्हीलॅन गायब असतात.

मग ‘आधीचं चित्र’ घ्या : ‘शो इंटरफेसेस स्टेटस’, ‘शो व्हीलॅन ब्रीफ’, ‘शो सीडीपी नेबर्स’, ‘शो स्पॅनिंग-ट्री रूट’, ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’, ‘शो पॉवर इनलाइन’, आणि राउटिंग असेल तर ‘शो आयपी रूट’. पुटीचं लॉगिंग चालू आहेच, त्यामुळे सगळं फाइलमध्ये जाईल. अपग्रेडनंतर एखादा विभाग म्हणेल, “आमचा प्रिंटर तुमच्यामुळे बंद पडला.” तो पोर्ट आधीपासूनच बंद होता की नाही, हे तुम्हाला याच फाइलमधून दाखवता येईल.

फाइल स्विचवर चढवणं

हे काम दिवसाउजेडी, आदल्या दिवशी करता येतं. फाइल कॉपी होत असताना स्विच आपलं काम करत राहतो. रीबूट होईपर्यंत काहीही बदलत नाही. म्हणून रात्रीच्या मोजक्या वेळात कॉपी करत बसू नका.

जागा आधी पाहा. नव्या सिस्कोवर ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनॲक्टिव्ह’ दिलं की वापरात नसलेल्या जुन्या फाइली तो स्वतः शोधून विचारतो आणि काढतो. जुन्या मॉडेलवर हाताने काढाव्या लागतात; तिथे ‘शो व्हर्जन’मध्ये दिसलेली चालू फाइल चुकूनही पुसू नका. जागा कमी पडली तर अजून एक दिवस विचार करा, पण ती फाइल राहू द्या. तीच तुमची परतीची वाट आहे.

कॉपीसाठी टीएफटीपी सगळ्यांना शिकवलं जातं, आणि लहान फाइलींना ते ठीक आहे. पण ते दर ५१२ बाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. ऑफिसच्या आत हे जाणवत नाही. बेळगावच्या मुख्य ऑफिसातून अथणीच्या शाखेकडे, जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागणाऱ्या लाइनवर, ९०० एमबीची फाइल अशी पाठवलीत तर हिशेबाने दहा तास लागतील. शिवाय जुन्या टीएफटीपी सर्व्हरमध्ये ब्लॉकचे क्रमांक ६५,५३५ ला संपतात, म्हणजे साधारण ३२ एमबीनंतर कॉपी अडते. सिस्कोवर ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइज ८१९२’ देऊन हे बरंच सुधारतं, तरी मोठ्या फाइलींना एससीपी किंवा एचटीटीपी वापरा. तीच ९०० एमबी २ एमबीपीएसच्या लाइनवर सुमारे एका तासात जाते, १० एमबीपीएसवर बारा-पंधरा मिनिटांत. लाइन फारच हळू असेल तर पेनड्राइव्ह घेऊन एसटीने जाणं चांगलं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, स्विच तो सहज ओळखतो.

टीएफटीपीने कॉपी सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा लॅपटॉपचा विंडोज फायरवॉल यूडीपी पोर्ट ६९ अडवत असतो. सगळा फायरवॉल बंद करू नका, तेवढ्या प्रोग्रामला परवानगी द्या.

कॉपी झाल्यावर स्विचवरच पुन्हा हॅश काढा : ‘व्हेरिफाय स्लॅश एमडी५ फ्लॅश’ आणि फाइलचं नाव. तो कंपनीच्या पानावरच्या एमडी५ शी जुळवा. लॅपटॉपवर फाइल शुद्ध होती म्हणून स्विचवर पोचलेलीही शुद्ध असेलच असं नाही.

रात्रीचं काम

शक्यतो त्या जागी हजर राहा, कन्सोल केबल लावून. सिस्कोचा कन्सोल ९६०० च्या वेगावर, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असा चालतो. अरुबाच्या सीएक्स मालिकेत हा वेग १,१५,२०० असतो. यूएसबीवरून कन्सोलला जोडणारी केबल आणि तिचा ड्रायव्हर आदल्या दिवशीच तपासून घ्या. रात्री दीड वाजता ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, आणि नेट तुम्हीच बंद केलेलं असतं.

एकापेक्षा जास्त स्विच असतील तर सगळ्यात दूरच्या टोकापासून सुरुवात करा आणि मुख्य स्विच शेवटी घ्या. मधला आधी रीबूट केला तर त्याच्या पलीकडच्यांशी तुमचा संबंधच तुटतो. पहिला म्हणून कमी महत्त्वाचा स्विच निवडा, समजा गेस्ट हाउसचा किंवा स्टोअरचा. तो वर आला, दोन दिवस नीट चालला, की मग बाकीचे.

जुन्या सिस्कोवर, म्हणजे २९६० सारख्यांवर, कॉन्फिगरेशनमध्ये ‘बूट सिस्टम फ्लॅश’ पुढे नव्या फाइलचं नाव द्या. बाहेर येऊन ‘शो बूट’ने ते नाव अक्षरन् अक्षर वाचा, एक अक्षर चुकलं तरी स्विचला फाइल सापडत नाही. मग ‘राइट मेमरी’, मग ‘रीलोड’.

कॅटलिस्ट ९००० वर इन्स्टॉल मोडमध्ये असाल तर ‘इन्स्टॉल ॲड फाइल’, फाइलचं नाव, ‘ॲक्टिव्हेट कमिट’ अशी एकच ओळ पुरते. तो होकार विचारतो आणि रीबूट करतो. मी मात्र नव्या माणसाला तीन टप्प्यांत करायला सांगतो : आधी ‘ॲड’, मग ‘ॲक्टिव्हेट’, आणि सगळं तपासल्यावर शेवटी ‘कमिट’. यात फायदा असा की ‘ॲक्टिव्हेट’नंतर एक घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या वेळेत, जी मुळात १२० मिनिटांची असते, तुम्ही ‘कमिट’ दिलं नाही तर स्विच आपणहून जुन्या व्हर्जनवर परततो. नवं व्हर्जन चढलं आणि तुमचा लॉगिनच बंद झाला, तरी दोन तासांत सुटका होते. फक्त सगळं छान आहे म्हणून घरी जाऊन झोपू नका. ‘कमिट’ राहिलं तर तो पहाटे पुन्हा रीबूट होईल.

अरुबाच्या जुन्या स्विचवर चालू खोली प्रायमरी असेल तर नवी इमेज सेकंडरीत टाका आणि ‘बूट सिस्टम फ्लॅश सेकंडरी’ द्या. जुनी इमेज प्रायमरीत जशीच्या तशी राहते. नव्या माणसाने दोन्ही खोल्यांत एकाच दिवशी नवी इमेज टाकू नये. ज्युनिपर ईएक्सवर ‘रिक्वेस्ट सिस्टम सॉफ्टवेअर ॲड’ने चढवतात, जुन्या ईएक्स मॉडेलवर सगळं नीट चालल्यावर ‘रिक्वेस्ट सिस्टम स्नॅपशॉट स्लाइस ऑल्टरनेट’ देऊन दुसऱ्या पार्टिशनवरही तीच प्रत घ्यावी.

स्टॅक असेल तर सगळे सदस्य एकाच व्हर्जनवर आले पाहिजेत. नंतर ‘शो स्विच’मध्ये एखाद्यासमोर ‘व्ही-मिसमॅच’ दिसलं, तर त्याच्यापर्यंत नवी फाइल पोचलेली नाही. तो स्टॅकमध्ये असूनही काम करत नसतो.

ती दहा मिनिटं

रीलोड दिल्यावर कन्सोलवर काही ओळी पळतात आणि मग बराच वेळ काहीच हलत नाही. पुढच्या पट्टीवरचा ‘सिस्ट’ (सिस्टिम) असं लिहिलेला दिवा हिरवा लुकलुकत राहतो, म्हणजे सॉफ्टवेअर लोड होत आहे. पोर्टचे दिवे एकदम पेटतात, विझतात, पुन्हा पेटतात. पंख्यांचा आवाज सुरुवातीला मोठा होतो आणि मग खाली येतो. मोठी उडी मारली असेल तर पहिल्या बूटला तो बूटलोडर आणि पीओईचा मायक्रोकोडही बदलतो, आणि त्यासाठी अधिक वेळ घेतो, कधी मध्येच पुन्हा एकदा रीबूटही होतो. याच वेळी नवशिक्याचा हात पॉवर केबलकडे जातो. जाऊ देऊ नका. दिवा हिरवा लुकलुकतो आहे तोवर वाट पाहा. तो पिवळसर होऊन स्थिर राहिला, किंवा कन्सोलवर एररचा संदेश येऊन प्रॉम्प्ट थांबला, तरच पुढचा विचार.

दुसऱ्या खिडकीत ‘पिंग हायफन टी’ चालू ठेवा. उत्तर यायला लागल्यावरही लगेच आनंद नको. पोर्ट वर यायला आणि स्पॅनिंग-ट्री (स्विचांमध्ये फेरा होऊ न देणारी व्यवस्था) स्थिरावायला आणखी थोडा वेळ जातो.

वर आल्यावर

‘शो व्हर्जन’ने नव्या व्हर्जनची खात्री करा. मग आधी घेतलेल्या सगळ्या कमांड त्याच क्रमाने पुन्हा द्या आणि दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवा. जोडलेल्या पोर्टची संख्या, शेजारी स्विच, स्पॅनिंग-ट्रीचा रूट, पीओईवर चालणारी उपकरणं, हे जुळलं पाहिजे. रात्री बंद असलेले पीसी सोडून द्या. ‘शो लॉगिंग’मध्ये नव्या प्रकारच्या तक्रारी येताहेत का पाहा.

एवढ्यावर थांबू नका. माणसं जे वापरतात ते वापरून बघा. आयपी फोनवरून एक कॉल लावा. काट्याच्या संगणकावरून एक चाचणी पावती छापून घ्या. वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन सगळे कॅमेरे दिसताहेत ना ते त्यांच्याच स्क्रीनवर पाहा. मोबाइल वायफायला जोडून नवा आयपी मिळतो ना बघा. जुना मिळालेला आयपी चालतो म्हणून डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) चालतं असं होत नाही. मग ‘कमिट’ आणि ‘राइट मेमरी’.

नाही आला तर

घाबरू नका, पुष्कळ वाटा आहेत. सिस्को बहुतेक वेळा ‘स्विच’ आणि पुढे कोलन (:) असा प्रॉम्प्ट दाखवून थांबतो. म्हणजे बूटलोडर जिवंत आहे. ‘डिर फ्लॅश’ द्या. जुनी फाइल तिथे असेल तर ‘बूट फ्लॅश’ आणि तिचं पूर्ण नाव द्या, तो जुन्या व्हर्जनवर उठेल. वर आल्यावर बूटचं नाव दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. इन्स्टॉल मोडवाला असेल तर जुनी ‘डॉट बिन’ फाइल पेनड्राइव्हवर ठेवून त्यावरून बूट करता येतं. म्हणून खिशातल्या पेनड्राइव्हवर जुनी आणि नवी दोन्ही इमेज असू द्या. अरुबाला बूट होताना कन्सोलवर दुसरी खोली निवडायची संधी मिळते.

फ्लॅश पूर्ण रिकामा असेल आणि स्विचला यूएसबी नसेल, तर कन्सोलवरून एक्समोडेमने फाइल पाठवायची शेवटची वाट उरते. ९६०० च्या वेगावर २० एमबीला सहा तास लागतात. वेग आधी १,१५,२०० करून घ्या, पुटीतही तोच बदला, मग साधारण अर्ध्या तासात होतं. ९०० एमबीच्या इमेजसाठी हा मार्गच नाही.

जुन्या व्हर्जनवर परतलात तर बॅकअप फाइलमधलं कॉन्फिगरेशन परत टाका. नव्या व्हर्जनने काही ओळी आपल्या पद्धतीने बदललेल्या असतात आणि जुन्याला त्या कळत नाहीत, मग तो त्या गाळून टाकतो.

मंजूर वेळेचा अर्धा भाग संपला आणि कारण सापडलं नसेल तर शोध थांबवा आणि परत फिरा. कारण दुसऱ्या दिवशी लॉग वाचून शोधता येतं. जिथे एकच मुख्य स्विच आहे तिथे त्याच मॉडेलचा, जुना का असेना, एक स्विच कपाटात हवा, आणि त्यात बॅकअप कॉन्फिगरेशन चढवून बघितलेलं हवं. यासाठी मॅनेजरकडे आग्रह धरा.

सराव आणि नोंद

कॉलेजात वापरलेल्या पॅकेट ट्रेसरमध्ये २९६० स्विच आणि टीएफटीपी सर्व्हर घेऊन इमेज कॉपी करणं, ‘बूट सिस्टम’ बदलणं, रीलोड करणं हे सगळं घरी बसून करता येतं. त्यावर हात बसला की कुठल्यातरी संस्थेतला मोडीत काढलेला एखादा जुना स्विच मागून घ्या आणि मुद्दाम त्याची बूट फाइल चुकीची द्या. बूटलोडरच्या प्रॉम्प्टवरून त्याला परत उठवायला शिका. ही तालीम झालेला माणूस रात्री शांत राहतो.

काम झालं की नोंद लिहा, ऑफिसच्या रजिस्टरमध्ये किंवा शीटमध्ये : स्विचचं ठिकाण, सिरियल नंबर, जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन, तारीख, किती मिनिटं बंद होता, कुणाला कळवलं होतं, काय वेगळं दिसलं. तुमच्यानंतर येणारा कदाचित मराठी वाचणारा नसेल, कानडी मुलगा किंवा मुलगी असेल. व्हर्जन, तारखा आणि फाइलींची नावं त्यालाही कळतील अशी लिहा. दारावरचा कागद काढा. वॉचमनना आणि काट्यावरच्या क्लार्कना काम झाल्याचा निरोप द्या. जुनी इमेज दोन-तीन आठवडे फ्लॅशमध्ये राहू द्या, एखादा महिनाअखेरीचा भार त्यावर जाऊ द्या, आणि मगच ती पुसा.